जास्त आलेल्या पगाराची तक्रार

इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारी म्हणून स्टाफ सार्जंट ट्वायला हार्गिसचं तळावर नाव होतं. सोळा वर्षं सैन्याचे ट्रक दुरुस्त करण्यात गेली होती. नवरा नव्हता; होता तो कधीच टेक्ससला निघून गेलेला. मिसूरीच्या डोंगरात, पायनी फोर्क गावाबाहेर तिचे वडील ऑर्व्हल एकटे राहायचे. जन्मभर लाकडाच्या वखारीत करवतीपाशी उभं राहून त्यांचे कान गेले होते. त्यांच्यासाठीच तिनं राजधानीजवळच्या तळावरून घराजवळच्या तळावर बदली मागून घेतली होती.

बदली झाली आणि पहिल्याच पगाराला तिच्या लक्षात आलं, घरभाडं भत्ता जुनाच आलाय. राजधानीकडची भाडी महाग, म्हणून तिथला भत्ता मोठा. इथं डोंगरात तो महिन्याला सहाशे चाळीस डॉलरनं कमी व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्लिप घेऊन ती पगाराच्या खिडकीवर गेली.

खिडकीत डेनी कायकेंडॉल नावाचा कारकून होता. सैनिकच, पण बंदुकीपेक्षा की-बोर्डवर हात बसलेला. त्यानं स्लिप पाहिली, कम्प्युटरचा पडदा पाहिला.

"बरोबर आहे, सार्जंट."

"बरोबर कसं असेल? जास्त आलेत."

"जास्त?" डेनी हसला. "इथं रोज पन्नास जण येतात, सगळे कमी आले म्हणून. जास्त आले म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"भांडत नाहीये. दुरुस्त करा म्हणतेय."

"कम्प्युटर बरोबर म्हणतोय. मी काय दुरुस्त करू?"

ती परत आली, पण मन स्वस्थ बसेना. दर महिन्याचे जास्तीचे सहाशे चाळीस तिनं वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. अकरा महिन्यांनी, दोन्ही तळांच्या दरांचा कागद छापून घेऊन ती पुन्हा खिडकीवर उभी राहिली. या वेळी डेनीनं आतल्या साहेबाला विचारलं. साहेबानं खुर्चीवरून न उठताच ओरडून सांगितलं, "बदलीच्या माणसांना जुना दर राहतो! बरोबर आहे म्हणून सांग त्यांना!"

"लिहून द्याल?" ट्वायलानं विचारलं.

"बरोबर असलेलं कशाला लिहून द्यायचं?" डेनी म्हणाला. मागं रांग होती. ती बाजूला झाली.

आता दोनदा विचारून झालं होतं. त्या हिवाळ्यात घराचं छप्पर दोन ठिकाणी गळायला लागलं, आणि ऑर्व्हलना दारावरची थापसुद्धा ऐकू येईनाशी झाली. ट्वायलानं खात्यातले पैसे काढून छपरावर पत्रा घातला आणि वडिलांना कानाची यंत्रं आणली. पुढचे पैसे घरात येत गेले तसे खर्च होत गेले.

सत्ताविसाव्या महिन्यात, जानेवारीत पत्र आलं. तपासणीत चूक आढळली आहे, आपणाकडून सतरा हजार दोनशे ऐंशी डॉलर येणे आहे, मार्चपासून दरमहा सातशे वीस डॉलर पगारातून कापले जातील. खाली बारीक अक्षरात होतं की वसुली माफ व्हावी असं वाटत असल्यास अर्ज करावा.

ट्वायलानं अर्ज मागवला. सहा पानं. चौथ्या पानावर प्रश्न होता: चूक झाल्याचे आपणास केव्हा व कसे कळले? तिनं खरं ते लिहिलं. पहिल्याच महिन्यात, स्लिप पाहून. दोनदा कचेरीत जाऊन सांगितलं, दोनदा बरोबर आहे म्हणाले.

तिच्याच वर्कशॉपमध्ये लॉनी टॅकेट म्हणून दुसरा सार्जंट होता. तोही त्याच महिन्यात बदलून आलेला, त्याचीही तीच चूक, जवळपास तेवढीच रक्कम. त्यानं त्या प्रश्नापुढं एकच ओळ लिहिली: मी पगाराची स्लिप कधी उघडत नाही. आणि ते खोटंही नव्हतं. लॉनी वाढदिवसाची पत्रंसुद्धा उघडत नसे.

अकरा आठवड्यांत लॉनीची वसुली माफ झाली.

ट्वायलाचं उत्तर जुलैत आलं. अर्ज नामंजूर. अर्जदारास चुकीची जाणीव पहिल्यापासून होती, सबब तिने रक्कम जपून ठेवणे अपेक्षित होते. बरोबर असल्याचे सांगितले गेले याचा लेखी पुरावा जोडलेला नाही.

तिनं पत्रावरच्या नंबरला फोन लावला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक बाई बोलायला आली.

"मॅडम, तुम्हाला चूक माहीत होती ना?"

"होती. म्हणून तर सांगायला गेले!"

"म्हणजे माहीत असताना पैसे घेतलेत."

"घेतले नाहीत, तुम्ही खात्यात टाकलेत. दर महिन्याला. मी नको म्हणत असताना!"

"तसं लेखी आहे का?"

"तुमची माणसं लिहून देत नव्हती."

"मग मॅडम, आमच्याकडे त्याची नोंद नाही."

ट्वायलानं फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन पंधरा वर्षं न गंजलेला एक बोल्ट इतका आवळला की तो तुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तशातली गत. लॉनीला चोर म्हणवत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

लॉनी स्वतःच एक दिवस तोंड पाडून आला. "ट्वायला, मी नवी घेतलेली होडी विकतो. दोन-अडीच हजार येतील. तू घे."

"मला तुझी होडी नकोय!"

"मग काय करू? मला माफ केलं त्यात माझा काय दोष?"

"दोष नाहीच तुझा. स्लिप न उघडणं हाच शहाणपणा निघाला, एवढंच म्हणतेय मी. जा, तुझा ट्रक उचलून ठेवलाय केव्हाचा."

तो गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण हाक मारून बोलवायची तिची तयारी नव्हती.

दरमहा सातशे वीस कापले जात होते. मांस आठवड्यातून एकदा आणि बाकी दिवस मक्याचा पाव नि शिजवलेला घेवडा असं घर चाललं होतं. ऑर्व्हलनी कानाची यंत्रं काढून टेबलावर ठेवली. "ही परत करून टाक, पोरी. मला ऐकण्यासारखं आता कोण काय बोलणार आहे?"

"घाला ती कानात, बाबा. वापरलेली परत घेत नाहीत. आणि मी बोलतेय ना, मला ऐका."

शेवटी तिनं डेनीला शोधायचं ठरवलं. तो सैन्यातून सुटून दोन वर्षं होत आली होती. कुणी म्हणालं आर्कान्सॉला, कुणी म्हणालं तुरुंगात. प्रत्यक्षात तो तीस मैलांवर सासऱ्याच्या आवारात अक्रोड सोलायचं यंत्र चालवत होता. ऑक्टोबर महिना, आसपासच्या गावांतले लोक जंगलात पडलेले काळे अक्रोड गोळा करून गाड्या भरून आणत होते. ट्वायला नऊ गाड्यांच्या मागं रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा डेनी न बघताच म्हणाला, "पोती खाली उतरवा."

"पोती नाहीत. ओळखलंस का मला?"

त्यानं मान वर केली. कोपरापर्यंत हात सालींच्या रसानं काळे झाले होते. "नाही."

"घरभाडं भत्ता. दोनदा आले होते."

"बाई, माझ्या खिडकीवर हजारो माणसं आली. मला नाही आठवत." आणि तो यंत्राकडे वळला.

ट्वायला हलली नाही. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. "वाजव!" ती त्याच्यावर ओरडली. "तीन महिने फोनवर वाजंत्रीच ऐकतेय मी!" मग डेनीला म्हणाली, "सतरा हजार मागतायत माझ्याकडे. जास्त आले म्हणून सांगायला आलेली मी पहिलीच असं तूच म्हणाला होतास."

डेनीनं यंत्र बंद केलं. "तुम्ही होय त्या," तो हळूच म्हणाला. मग आणखी हळू, "लिहून दिलं तर ते माझ्याकडे मागणार नाहीत ना?"

"मला माहीत नाही," ट्वायला म्हणाली. खोटं आश्वासन देता आलं असतं. नाही दिलं.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. डाग काही निघत नव्हते. "तो साहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मी आत जाऊन नियम बघायला हवा होता. रांग मोठी होती, आणि मला जेवायला जायचं होतं." त्यानं सासऱ्याच्या वहीतून कागद फाडला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून सगळं लिहिलं, साहेबाच्या ओरडण्यासकट. दुसऱ्या दिवशी दोघं नोटरीकडे गेले. शिक्क्याचे पाच डॉलर डेनीनंच दिले. ट्वायलानं तो कागद जोडून अर्ज पुन्हा पाठवला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथं आठ लागले. जूनमध्ये पत्र आलं. अर्जदाराने वेळीच चौकशी केली होती व तिची चूक नव्हती हे मान्य करण्यात येत आहे, सबब उर्वरित सहा हजार चारशे ऐंशी डॉलर माफ करण्यात येत आहेत. आधी कापलेल्या दहा हजार आठशेसाठी वेगळ्या कचेरीकडे वेगळा अर्ज करावा.

ऑर्व्हलनी पत्र दोनदा वाचलं. "चूक तुझी नव्हती म्हणतात, आणि माफ पण तुलाच करतात?"

"हो."

"मग त्यांना कोण माफ करणार?"

"ते अर्ज करत नाहीत, बाबा."

वेगळा अर्ज तिनं त्याच आठवड्यात पाठवला. त्या शरद ऋतूत तिची वीस वर्षं भरली. कॅप्टननं आणखी तीन वर्षांचा करार पुढं केला. "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं सैन्याला हवीत, सार्जंट," तो म्हणाला, आणि तो मनापासून बोलत होता.

"परवडत नाही, सर," ट्वायला म्हणाली, आणि पेन त्याच्याकडे परत सरकवलं.

आता ती तालुक्याच्या रस्ते खात्यात रस्ते सपाट करणारे ग्रेडर दुरुस्त करते. लॉनी कधी मासे घेऊन येतो, ते ती घेते. दर तीन महिन्यांनी ती दहा हजार आठशेची चौकशी करायला फोन लावते. मागच्या वेळी पलीकडची बाई म्हणाली, "फाइल विचाराधीन आहे, मॅडम. तुम्ही काही केलं नाही तरी चालेल."

"मी काही केलं नाही तर चालतं, हे मला कळलंय," ट्वायला म्हणाली. "तारीख सांगा."

बाईकडे तारीख नव्हती. ट्वायलानं तिचं नाव विचारून घेतलं, फोनची वेळ लिहून घेतली, आणि तिलाही ती लिहून घ्यायला लावली.