वजिराचं तीनदा नको

आमच्या घरात ती चिनी मालिका शिरली माझ्या बायकोमुळे. तिचा गुडघा दुखावला होता, आठवडाभर पाय वर करून बसायचं होतं, आणि तेवढ्यात तिला ही कुठूनशी सापडली. जुना जमाना, एक म्हातारा बादशहा, त्याचे तीन मुलगे आणि एकमेकांचा काटा काढायला टपलेला अख्खा दरबार. गुडघा बरा झाला तरी मालिका काही थांबेना. मग मीही बसायला लागलो, कारण दुसरा इलाजच नव्हता.

इलाज नव्हता, कारण घरच्यांबरोबर मला मिळायचा तो तेवढाच वेळ. मी इथे आखातात, जबल अलीला एका गोदामात रात्रपाळी करायचो. संध्याकाळी करामाच्या कोपऱ्यावर कंपनीची बस पकडायची, सकाळी परत येईपर्यंत पोरगी शाळेच्या बसमध्ये. ती घरी यायची तेव्हा मी पडदे लावून घोरत असायचो. उठून चहा घेतला की बस येईपर्यंत आम्ही तिघं सोफ्यावर. अशी कित्येक वर्षं गेली. पोरगी माझ्या झोपेत मोठी झाली. ती आईपेक्षा उंच कधी झाली ते मला कळलंच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटायचं.

मालिकेत खाली इंग्रजी अक्षरं यायची. पोरगी ती वाचून इंग्रजीतच अर्थ सांगायची, मग बायको मला मराठीत सांगायची, त्यात स्वतःचा दोन मुठी मसाला घालून. नावं कुणाच्याच लक्षात राहत नव्हती. हा दाढीवाला, तो लांब बाह्यांवाला, हा बेगमेचा भाऊ, असं आमचं चालायचं. अर्धा भाग एक माणूस चहा ओततोय आणि दुसरा बघतोय. मी म्हणायचो, "अगं, हा नुसता चहा पितोय." बायको म्हणायची, "तुम्हाला काय कळणार. त्या चहात तिघांची मुंडकी उडाली."

त्यातच तो प्रसंग आला. बादशहानं दाढीवाल्याला वजीर करायचं ठरवलं. वजिराचा शिक्का तबकात घालून पुढे केला. ज्या शिक्क्यासाठी या माणसानं इतके दिवस जिवाचं रान केलं, तो समोर आल्यावर हा गुडघे टेकून म्हणतो, मी नालायक आहे, नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा तबक. पुन्हा नको. तिसऱ्यांदा बादशहा स्वतः उठून आला, तेव्हा कुठे रडत रडत घेतला. पोरगी म्हणाली, "सो फेक." बायकोनं तिला गप्प केलं.

मला मात्र ते अगदी घरचं वाटलं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात कुणाकडे गेलं की पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. पोटात कावळे कोकलत असले तरी "जेवूनच निघालोय" म्हणायचं. घरवाली म्हणते, असं कसं, एक घावन तरी खा. पुन्हा नको. मग ती हाताला धरून बसवते, ताटात वाढतेच, आणि आपण नाइलाज झाल्यासारखं तोंड करून सहा खातो. पहिल्या हाकेला जो बसला तो हावरट, आणि गावभर त्याच्या आईचा उद्धार. हे चिनी लोक आमच्याच खाडीकाठचे निघाले असं मी म्हटलं, आणि बायकोलाही ते पटलं.

नेमकी त्याच आठवड्यात गोदामात सुपरवायझरची जागा रिकामी झाली. जागा दिवसपाळीची. म्हणजे संध्याकाळी घर, रात्री तिघांनी एकत्र जेवण. मला दुसरं काही नको होतं, हुद्दा गेला खड्ड्यात. हक्काचे उमेदवार दोघंच. एक मी, आणि दुसरा माझा वसईचा दोस्त, माझ्याच पाळीला, माझ्यामागून लागलेला, स्वभावानं गरीब गाय.

बायकोनं सोफ्यावर दरबार भरवला. "साहेब बोलावणार. पहिल्या फटक्यात हो म्हणू नका, हपापलेले दिसाल. आणि तुमच्या त्या दोस्ताला काय वाटेल? तीनदा विचारू दे."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारेल. बादशहानं विचारलं, हा कोण लागून गेला?"

आमचा साहेब हॉलंडचा. ताडमाड उंच, आणि बोलणं दोन शब्दांत आटपणारा. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, तू जुना आहेस, माणसं तुझं ऐकतात, सुपरवायझर होशील का? माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी मान खाली घातली, हात छातीशी नेला आणि म्हणालो, "नो सर, नो सर. आय अ‍ॅम नॉट वर्दी."

साहेब म्हणाला, "ओके."

एवढंच. वर तुझा प्रामाणिकपणा आवडला म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला. मी दारात जरा रेंगाळलो. बादशहा तबक मागे घेताना निदान उसासा तरी टाकायचा. साहेबानं मान वर करून विचारलं, अजून काही हवंय का? मी म्हटलं, "नो सर." खरं तर तिथेच माझं दुसरं नकोही वाया गेलं.

बायको मात्र खूश. "एक झालं. आता दोन राहिले." मग मी दुसऱ्या नकाराची तयारी सुरू केली. हा जरा मऊ हवा होता, म्हणजे साहेबाचा धीर सुटायला नको. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी पुटपुटत बसायचो, शेजारच्याला वाटायचं मी दुआ मागतोय. साहेब समोरून आला की मी उगाच फाइल उचलून वाटेत उभा. तो हसून "गुड इव्हनिंग" म्हणायचा आणि पुढे जायचा. घरी बायको रोज दारातच विचारायची, "विचारलं?"

"आज नाही."

"उद्या विचारेल, इन्शाल्ला."

मग एकदा कॅन्टीनमध्ये वसईचा दोस्त चहाचे दोन कप घेऊन माझ्यासमोर बसला. तोंड उतरलेलं. "साहेबानं मला विचारलं होतं रे," तो म्हणाला.

"मग?"

"मी म्हटलं, नो सर, माझ्या आधी हा आहे, मला नको."

"मग?"

"ओके म्हणाला."

मी विचारलं, "तुला खरंच नको होती?"

"हवी होती ना, गाढवा. पण एकदम हो कसं म्हणायचं?"

त्यानं तर ती मालिका बघितलीही नव्हती.

जागा बिलिंगमधल्या मनिलाच्या बाईंना मिळाली. साहेबानं विचारलं, त्या म्हणाल्या, यस सर, थँक यू सर, कधीपासून? दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागला आणि खलास.

त्या संध्याकाळी मी मालिका लावू दिली नाही. रिमोट मांडीखाली दाबून बसलो. डोकं असं फिरलं होतं की बायकोला, चीनला, हॉलंडला, सगळ्यांना एका दमात झोडपलं. बायको म्हणाली, "दाढीवाल्याची गाठ बादशहाशी होती. तुमचा साहेब बादशहा निघाला नाही, त्यात माझा काय गुन्हा?"

पोरगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, व्हाय डिडन्ट यू जस्ट से यस?"

मग तीच म्हणाली, "आय वॉन्टेड यू होम." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला रडू आलं, सरळ सांगतो. बायकोनं माझा डबा भरून हातात दिला, आणि मी बस पकडली.

गोदामात पोचलो तेव्हा नव्या सुपरवायझर बाई निघायच्या बेतात होत्या. मी त्यांच्या टेबलाशी गेलो. सवय जात नाही. आधी त्यांच्या मुलांची चौकशी केली, मग उकाड्याबद्दल बोललो, मग त्यांच्या नव्या खुर्चीची तारीफ केली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला काही हवंय का?"

"नो मॅडम" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "दिवसपाळी हवी. रात्री घरी जेवायचंय. मुलगी मोठी होऊन निघून जाईल." एवढं सरळ मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कान गरम झाले.

"ओके," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच पाळ्यांचा तक्ता उघडला. दिवसपाळीतले दोघं उन्हाळ्याला कंटाळून कधीपासून रात्रपाळी मागत होते म्हणे. "तुम्ही साहेबांना कधी विचारलं नाहीत?" त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मग तोंड उघडलंच होतं, तर वसईच्या दोस्तासाठीही तिथल्या तिथे मागून घेतलं.

सोमवारी रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो. पोरगी वर्गातल्या कुणाचं तरी भांडण इंग्रजीत सांगत होती, मला निम्मं कळत होतं, आणि मी पोट भरलं तरी उठत नव्हतो. मग ती झोपायला गेली. मी सोफ्यावर बसलो तोच खिशातला फोन वाजला. तिचा रेकॉर्ड केलेला आवाज. "गुड नाइट, अब्बा. सी यू टुमॉरो." सुट्टी सोडली तर रोज रात्री हा मेसेज गोदामात यायचा, आणि फोर्कलिफ्टच्या खडखडाटात मी तो कानाला घट्ट लावून ऐकायचो.

मी उठून तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती दचकली.

"ओह," ती म्हणाली, "आय फरगॉट यू आर हिअर."

मला हसू आलं. "मग आता समोर बघून म्हण," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."