इब्राहिमभाईंना गाणं सांगताना

भाभींचा फोन आला तेव्हा मी बोर्लीच्या बाजारात कोलंबीचा भाव करत उभा होतो. “मास्तर, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. पिशवी रिकामीच घेऊन मी त्यांच्या घराकडे वळलो. संध्याकाळी इब्राहिमभाईंना कब्रस्तानात पोचवलं, मीही मूठभर माती दिली. आता दीड महिना होत आला, पण शुक्रवारची दुपार काही सरता सरत नाही...

इब्राहिमभाईंचं उभं आयुष्य बोटीवर, इंजिनरूममध्ये गेलं. इतर लोक बोटीवरून येताना घड्याळं आणि अत्तरं आणायचे, हे रेकॉर्डी आणायचे. जॅझ, रॉक... आणि त्यातही सरळ काही नाही. एकीत दोन सॅक्सोफोनवाले हातघाईवर आलेले, तर दुसरीत अख्खी बाजूभर एकच गाणं आणि मध्येच दार आपटल्याचा आवाज. निवृत्त होऊन घरी बसले, तर फोनवर नातवंडांच्या वयाच्या पोरांचं हिप-हॉप शोधायला लागले. शुक्रवारी नमाजानंतर मला बोलावणं असायचं. अट एकच, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये उठायचं नाही. मी मराठीचा मास्तर, भावगीतांवर वाढलेला. पहिल्या दिवशी मी विचारलं, “भाई, यांचे सूर जुळवून झाले की गाणं कधी सुरू होणार?” ते हसून हसून खोकायला लागले. “मास्तर, गायचं कसं ते त्यांना ठावं हाय. पन ते सोडून आनखी काय सापडतंय का, ते बघतायत.” पुढे कविता शिकवताना हे वाक्य मी बिनदिक्कत स्वतःचं म्हणून खपवलं.

मग इंजिनरूमने त्यांचे कान खाल्ले. कानाला ऐकायचं मशीन लावल्यावर मोठ्याने बोललेलं कळायचं, पण संगीत लावलं की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं व्हायचं. जुने अल्बम डोक्यात पक्के होते, त्यांची चिंता नव्हती. “पन नवीन निघतायत त्यांचं काय?” हे विचारताना त्यांचा चेहरा बघवत नसे. वादळांच्या गोष्टी हसत सांगणारा माणूस या एका गोष्टीला खरोखर घाबरला होता.

तोड त्यांनीच काढली. तळहात स्पीकरवर ठेवायचा म्हणजे ठोके हाताला कळणार, आणि उरलेलं मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचं. सुरुवातीला मी नुसतं “छान चाललंय” म्हणायचो. भडकले. “छान म्हंजे काय, मास्तर? पोरांच्या पेपरात असं चालवून घेता काय?” मग मीही पेटलो. एकदा एका तरुण मुलीचा हिप-हॉप अल्बम लावला होता. मी सांगितलं, “मुलगी गात नाहीये, बोलतेय. रागावलीय, पण आवाज चढवत नाही. मागे कुणीतरी एकच ताट पुन्हा पुन्हा पाडतंय.”

“स्टीलचं का जर्मनचं?”

मी तेवढा भाग परत लावला. आवाज अ‍ॅल्युमिनियमचाच होता. “जर्मनचं.”

“हां, आता आली ध्यानात,” म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटून घेतले.

या सांगण्याच्या नादात मीच ऐकायला शिकलो. गाणारा दम कुठे घेतो, ढोल मुद्दाम कुठे अडखळतो, हे मला आधी कधी कळलं नव्हतं. मला सख्खा भाऊ नाही. असता तरी त्याच्या कानात मी इतकं ओरडलो असतो का, कोण जाणे...

चाळिसावा झाल्यावर भाभींचा निरोप आला, शुक्रवारी या. त्या अजून इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात आहेत, बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून आतल्या खोलीत पडद्यामागे बसल्या होत्या. भाईंच्या फोनवर ऐकायचा राहिलेला एक अल्बम होता, तो लावा म्हणाल्या. मी लावला आणि मुकाट्याने ऐकत बसलो.

“मास्तर, गप का?” आतून आवाज आला.

“भाभी, तुम्हाला ऐकू येतंय की.”

त्या म्हणाल्या, “ऐकू येतंय, पन कळत न्हाय. तुम्ही यांच्या कानाशी वरडायचात ना, ते मला आत भाकऱ्या थापताना ऐकू यायचं. माजं गानं तेच व्हतं.”

मला हुंदका आला, तो मी आवरला नाही. मग खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“पियानो आहे, भाभी,” मी म्हणालो. “वाजवणारा एकटाच आहे. एक सूर दाबतो आणि तो पुरता विरेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही.”

“मोठ्यानं सांगा,” त्या म्हणाल्या.