मांडीवरची उजेडाची चिप

नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची मुलगी प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायची.

"अंडी आहेत का गं?" मी विचारलं.

"चिप आहे काका. आमच्या लॅबची. हिच्यात विजेऐवजी उजेड धावतो."

"नीट धावतो?"

"कुठला! निम्मा वाटेतच गळतो. पुढे लेझरही हिच्यावरच बसवायचाय. जमेल की नाही, कुणालाच माहीत नाही," असं म्हणून ती पहिला नंबर आल्यासारखी हसली.

खरं सांगतो, नेमक्या याच कारणासाठी मी माझ्या लेकीला संशोधनाला जाऊ देत नव्हतो. घरात अबोला होता. भीती माझी होती, नाव तिच्या भविष्याचं घेत होतो.

इगतपुरीला बस थांबली तेव्हा लेकीला फोन लावला. "जा तू संशोधनाला."

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "बस नीट आहे ना तुमची?"