जांभळ्या तुकड्याची शिवण

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच खरं मानणारी बाई. चाळीतल्या भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलेय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आई, गावडेकाकू आणि लीलामावशी या तिघी शेजारणी. माझ्या लहानपणी त्यांनी साडीच्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्याला कापड शिवून एक पेटी केली होती — दोरे, बटणं, लेस असं तिघींचं सामाईक सामान ठेवायला. झाकणावर प्रत्येकीने आपल्या विरलेल्या साडीचा तुकडा स्वतःच्या हाताने शिवला. काकूंचा हिरवा, मावशीचा पिवळा, आईचा जांभळा. पेटी कायम आमच्याच कपाटावर असायची.

तीन वर्षांपूर्वी हिरव्या तुकड्याची शिवण उसवली. आठवड्याभरात काकू गेल्या. गेल्या वर्षी पिवळा उसवला आणि मावशी गेली. मी म्हटलं, जुना दोरा, कधीतरी तुटणारच.

यंदा आईला न्यूमोनिया झाला. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे कपडे न्यायला घरी आले, तर जांभळा तुकडा एका कोपऱ्यातून सुटलेला. माझं सगळं सायन्स गेलं उडत. तिथेच बसून दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवला. दुसऱ्या सकाळी पाहते तर पुन्हा सुटलेला. पुन्हा शिवला. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये... असे चार दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, आजींची कमाल आहे, आम्ही आशा सोडली होती. मी मनातल्या मनात फुशारले.

आईचे मात्र हाल चालले होते. डोळ्याला डोळा नाही, सारखी कण्हायची, अंगाला टोचतंय म्हणायची. नर्सने चादर बदलली, सलाइनची सुई दुसऱ्या हाताला लावली — काही फरक नाही. मी शिवायला लागल्याच्या पाचव्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. पेटीबद्दल मी कोणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

"बाय, किती शिवशीत? टोचता माका. सोड आता."

मी घरी गेले. कात्री हातात घेऊन बराच वेळ रडले. मग एकेक टाका कापला. परत पोचले तेव्हा आई शांत झोपली होती. संध्याकाळी झोपेतच गेली.

योगायोग म्हणा, ग्लानीतली बडबड म्हणा... स्वतःला हेच सांगून पाहिलं, पण पटत नाही. दोरा कापल्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याआधी चार दिवस मी तिला टोचत होते, ते कसं विसरू?