खालच्या दुकानातली मोटर
मोटरच्या वार्निशचा वास आला की अजूनही माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही, कारण अकोल्यात माझी खोली मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर होती आणि तिथे मी एआरएम प्रोसेसरच्या एका छोट्या सर्किट बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवत होतो. बटण न दाबताच ते दाबल्याचा इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायचा इशारा, प्रोसेसरकडे जाई आणि सगळं अडकून बसे. आठवडाभर कोड उलटापालटा केला. खालचे मिस्त्री चहा घेऊन आले, म्हणाले, "आमी मोटर चालू केली का तुमचं हे बिघडते." मी चिडून म्हटलं, "चाचा, तुमी तुमचं काम पाहा ना." ते जिना उतरले. खाली मोटर घरघरली आणि माझा स्क्रीन इंटरप्टांनी भरून गेला. बटण दाबलेलं नसताना त्याची पिन अधांतरी राहत होती आणि खालच्या मोटरचा विजेचा गोंगाट पकडत होती. ती एका रेझिस्टरने बांधताच सगळं शांत झालं. खाली गेलो तर शेतकरी जळालेले पंप घेऊन ताटकळत होते. मान वर न करता चाचांनी विचारलं, "झालं का?" मी नुसतं "हो" म्हटलं. कशानं झालं, ते सांगायचं अजून राहिलंय.