अबोलीची चोरलेली फांदी

आम्ही लालबागची चाळ सोडली त्या सकाळी टेम्पोवाल्याने सामान बघून विचारलं होतं, घर शिफ्ट करताय की नर्सरी? कपाट, फ्रिज, पलंग चढवून झाल्यावर कुंड्यांना जागाच उरेना. कुंड्या हा आपला सभ्य शब्द. खरं तर त्या मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या पेट्या, कापलेले तेलाचे डबे आणि बुडाला भोक पडलेलं एक पिंप. आई खाली उभी राहून सांगत होती, आधी झाडं चढवा, कपाट दुसऱ्या खेपेला जाईल. शेवटी कपाटच दुसऱ्या खेपेला गेलं. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर कढीपत्ता. निरोप घेताना रडायचं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, पण कढीपत्त्याची फांदी नाकात जात असताना माणसाला रडता येत नाही, शिंका येतात. गॅलरीत उभे होतात त्या तुम्हा सगळ्यांना वाटलं मी हुंदके देतोय. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

आता चाळ पाडून झाली, पत्रे लागले, आणि आपण सगळे पांगलो. कुणी बदलापूरला, कुणी विरारला, एकजण तर मुलाकडे शारजाला. मी कुठे गेलो, तर प्रभादेवीला. चालत पंचवीस मिनिटं. याला स्थलांतर म्हणायची मलाच लाज वाटते. शारजावाल्याने माझ्यावर हसावं, त्याचा हक्क आहे. पण त्या पंचवीस मिनिटांत काय काय मागे राहतं हे मला उशिरा कळलं, आणि ते कळायला आईची फजिती व्हावी लागली. ती फजिती मी केली. तेच लिहितोय.

तुमच्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. आपल्या दुसऱ्या मजल्यावर आईची अबोली आणि शेजारच्या खोलीतल्या कांबळेकाकींचा मोगरा. मागून घेतलेलं रोप जगत नाही, रोप चोरूनच आणावं, असा दोघींचा ठाम समज. पण कठड्याला कठडा लागलेला. शेजारणीच्या डब्यातली फांदी दिवसाढवळ्या चोरायची कशी? तर मालकिणीने पाठ फिरवायची. आई मोगऱ्याजवळ उगीच घुटमळायला लागली की काकी मोठ्याने म्हणायच्या, मी जरा कुकर बघून येते गं. कुकर चढवलेलाच नसायचा. पाच मिनिटांनी बाहेर यायच्या, मोगऱ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पुढच्या खेपेला आईचं दूध उतू जायचं आणि अबोलीची फांदी पलीकडे जायची. बाबा गिरणीतून आले की हे बघून म्हणायचे, "एक चोर, एक साक्षीदार, आणि दोघी एकाच केसमधल्या."

प्रभादेवीचं घर सातव्या मजल्यावर, भाड्याचं, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटचं. बाल्कनीला बॉक्स ग्रिल होतं, ते बघून आईने घर पास केलं. बाथरूम तिने पाहिलंच नाही. महिन्याभरात मिरच्या, मेथी, अळू लागले, दोडका वर चढला. फक्त अबोली वाचली नाही. टेम्पोतल्या उन्हाने म्हणा किंवा जागा बदलल्याने म्हणा, आठ दिवसांत काडी झाली.  रिकामा डबा मात्र आईने दुसऱ्या कशाला वापरू दिला नाही.

बाकीची झाडं जोरात होती आणि त्याचं कारण सहाव्या मजल्याला वासाने कळलं. आई मासे धुतलेलं पाणी झाडांना घालते, हे तुम्हाला सांगायला नको. चाळीत त्यावर कुणी नाक मुरडलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरात बांगडे. इथे सेक्रेटरींचा फोन, मग घरमालकांचा. मी दोघांनाही सॉरी म्हटलं. भाडेकरू झाल्यापासून मी इतक्यांदा सॉरी म्हटलंय की परवा लिफ्टचं दार बंद होताना दारालाही म्हणालो.

तर ॲग्रीमेंट संपायला महिना राहिला होता, मुलीची, ईशाची, बारावी तोंडावर आली होती, आणि घर बदलायचं नाही म्हणजे नाही, असं माधवीने, माझ्या बायकोने, बजावलं होतं. नेमकी तेव्हाच आईला खाली गेटजवळच्या वाफ्यात अबोली दिसली.

पुढचं मला नंतर तिनेच सांगितलं. ती तीन दिवस त्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली. कुणीतरी पाठ फिरवेल म्हणून. माळी आपला तिच्याकडेच तोंड करून विचारायचा, क्या चाहिए माँजी? आता त्याला सांगितलं की झालं ते मागणं. आई हात हलवत परत यायची. चौथ्या दिवशी माळी नळाला पाइप लावायला वळला. आईला वाटलं, समजूतदार माणूस आहे, उशिरा का होईना कळलं. तिने नखाने एक फांदी खुडली, पदराखाली घेतली आणि मागे न बघता लिफ्टकडे निघाली. सगळं रीतसर. फक्त वर खांबावर कॅमेरा होता, आणि कॅमेरा कधी कुकर बघायला जात नाही.

दुपारी मी ऑफिसात होतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. आईच्या हाताभोवती लाल गोल, खाली लिहिलेलं, काइंडली आयडेंटिफाय.  डोळ्यांसमोर आई नव्हती, ॲग्रीमेंट होतं. मी पाच मिनिटांत टाइप केलं, "सॉरी, ही माझी आई. वयामुळे तिला हल्ली काही समजत नाही. पुन्हा होणार नाही." पुढे जोडलेले हात, तीन वेळा.

आणि प्रकरण एकदम थंड झालं. टेक केअर आले, सो सॅड आले, कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं. सेक्रेटरींनी फोटो काढून टाकला. मी स्वतःवर खूश. घरी जाताना जिलेबी घेतली. आईने दोन खाल्ल्या, कशाबद्दल ते न विचारता. फांदी तिने त्या रिकाम्या डब्यात लावून टाकली होती.

मग हळूहळू सुरू झालं. लिफ्टमध्ये तिच्याशी सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. आजी, किती नंबरचा मजला? आठवतोय ना? आधी आईला वाटलं, ह्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच कमी ऐकू येतं, म्हणून तीही ओरडून उत्तरं द्यायची. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी माधवीला एका डॉक्टरांचं कार्ड दिलं, विसरभोळ्या म्हाताऱ्यांचे डॉक्टर. माधवीने ते फेकलं नाही, फ्रिजवर लावलं. आणि खरं सांगतो, मीही बघायला लागलो. आई मिठाचा डबा शोधतेय, तर का शोधतेय? मला नेहमीच्या माणसांची नावं आठवत नाहीत, पण ते वेगळं, मी कामात असतो. एकदा खोटं लिहिलं, की त्याचे पुरावे सापडायला लागतात.

मग लिफ्टमध्ये कुणीतरी आईसमोर ग्रुपचा विषय काढला असणार. त्या संध्याकाळी तिने ईशाला सांगितलं, तुझ्या बापाने मोबाइलवर माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाच. पोरीने वाचून दाखवलं. मी सोफ्यावर बसून पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर तोंडासमोर धरला होता. आईने माझ्या तोंडासमोरचा पेपर खाली ओढला. मग म्हणाली, "चोर म्हणान लिवलं असतंस तरी चलला असता रे. माका काय कळणा नाय, असा कित्याक लिवलंस?"

मी ॲग्रीमेंटचं सांगितलं, ईशाच्या परीक्षेचं सांगितलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातली फांदी मातीसकट उचलली आणि खाली नेऊन, माळ्याला विचारून, वाफ्यात परत लावली. तिला दोन नवी पानं फुटली होती. परत लावल्यावर ती जगली नाही.

पण मला खाल्लं ते ह्याच्यापुढच्या गोष्टीने. आई विचारायला लागली. टीव्ही लावू काय रे? चहा टाकू काय माझ्यापुरता? मी हय बसू काय? चाळीत जिने कधी कुणाला विचारून खिडकीसुद्धा उघडली नाही, माझ्या खिशातला रुमाल ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर बांधला, ती बाई माझ्या घरात भाडेकरूसारखी वागायला लागली. मी म्हणायचो, विचारतेस काय आई? ती म्हणायची, विचारलेला बरा. झाडांना पाणी घालायचं तेही विचारून. आणि मासे धुतलेलं पाणी सिंकमध्ये जायला लागलं.

मला काय करायचं ते कळत होतं. माधवीशी बोललो. ती वाईट नाही, तुम्ही ओळखता तिला. ती म्हणाली, लिहायचं तर लिहा, पण सही होऊ दे आधी, दहा दिवसांचा प्रश्न आहे. मला ते इतकं पटलं की मी स्वतःच ते सुचवल्यासारखं वागलो. आठ दिवस तसेच घालवले. गिरणी बंद पडली तेव्हा मोर्चात पुढे चालणाऱ्या बापाचा मुलगा मी, सोसायटीच्या ग्रुपला घाबरलो.

नवव्या दिवशी रविवार होता. आई पिशवी घेऊन बाजारात निघाली आणि दहा मिनिटांत परत आली. चपला न काढता दारात उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? तर गेटवरच्या वॉचमनने अडवलं होतं. अकेली मत जाओ माँजी, रास्ता भूल जाओगी, साब को बुलाओ. रागाने नव्हे, काळजीनेच म्हणाला असणार. सत्तर वर्षं ही बाई लालबाग, परळ, दादर पायाखाली घालतेय; संपाच्या दिवसांत वरळी कोळीवाड्यातून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन घरोघर फिरलीय. तिला आता गेटच्या बाहेर जायला माझी चिठ्ठी लागत होती. तिने एवढंच विचारलं, "जाव काय रे?"

मी तिच्याबरोबर खाली गेलो. वॉचमनला सांगितलं, हिला सगळं समजतं, हिला कधी अडवायचं नाही, चूक माझी होती. तो गोंधळला, पण हो म्हणाला. आई एकटी बाजारात गेली. मी तिथेच गेटपाशी उभं राहून ग्रुपवर लिहिलं, "माझ्या आईला सगळं समजतं. त्या दिवशी मी खोटं लिहिलं. अबोलीची फांदी तिने चोरली, कारण आमच्याकडे रोप असंच नेतात. राग असेल तर माझ्यावर धरा." जोडलेले हात टाकले नाहीत. बोट तिथपर्यंत गेलं होतं, सवय आहे.

वाचल्याच्या निळ्या खुणा पटापट वाढल्या. उत्तर एकही नाही. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. तिने एकाच शब्दाची खात्री करून घेतली. "चोरली असा लिवलंस मा? मगे बरा." आणि उठून गेली. मला वाटलं होतं, डोक्यावरून हात फिरवेल वगैरे. तिने तर जाताना विचारलं, लाइट घालवू काय?

घरमालकांचा फोन तीन दिवसांनी आला. त्यांच्या पुतण्याला घर हवंय म्हणे. असेलही पुतण्या. माधवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ईशा पुस्तकांची खोकी बांधताना धड्यांची उजळणी करत होती. हा खर्च मी तिच्या अभ्यासातून केला, हे मला कुणी सांगायची गरज नाही. बरोबर केलं की नाही, मला अजून ठाम म्हणता येत नाही.

काल अँटॉप हिलला एक घर बघायला जायचं होतं. आंघोळ करून पँट चढवली तर पट्टा नाही. माझ्याकडे ऑफिसचा म्हणून एकच चामड्याचा पट्टा आहे आणि पोट असं की पट्ट्याशिवाय पँट वर टिकत नाही. कपाट उपसलं, बॅगा उपसल्या. शेवटी बाल्कनीत सापडला. मिरच्यांची प्लॅस्टिकची कुंडी उभी चिरली होती, माती बाहेर यायला लागली होती. तिच्या पोटाभोवती माझा पट्टा गच्च आवळलेला, पुढे बक्कल लावून, वर एक नवं भोक पाडून.

आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिने मला विचारलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. मी बाल्कनीच्या दारात नको तितका वेळ उभा राहिलो. तुम्ही सगळे जिथे कुठे आहात तिथे हे वाचून हसाल, पण गेल्या महिन्याभरात ह्या घरात मला घरी असल्यासारखं वाटलं ते तेवढंच. माधवी म्हणाली, अहो, सोडा तो आणि निघा, ब्रोकर वाट बघतोय. मी पट्टा सोडला नाही, पँट हाताने धरून निघालो.

घर चांगलं आहे. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी. ब्रोकर खिडकीच्या सरकत्या काचेजवळ उभा राहून म्हणाला, साहेब, जरा जड आहे, दोन्ही हातांनी ओढा. मी म्हटलं, तूच ओढ बाबा, माझा एकच हात मोकळा आहे.