साहेबांनी हाताने विझवलेला कापूर

काल इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंगच्या घरी गणपतीच्या आरतीला कापूर पेटवला आणि त्या वासासरशी मी थेट ब्रॅकनेलला, आईबाबांच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

बाबा तेव्हा एका जपानी केमिकल कंपनीत होते. कंपनी टीव्हीच्या पडद्यांसाठी फिल्म बनवते, एवढंच आम्हाला ठाऊक. जपानहून आलेल्या त्यांच्या वयस्कर साहेबांना आईनं गणपतीत जेवायला बोलावलं होतं. आरतीचं ताट पुढे आलं तेव्हा साहेबांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि अलगद हातानं वारा घालून ज्योत विझवून टाकली!

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "असू दे गं, त्यांना काय माहीत," बाबा पुटपुटले. साहेब मात्र कमरेत वाकले होते. डोळ्यांत पाणी. "आमची कंपनी कापरापासूनच सुरू झाली," ते इंग्रजीत म्हणाले. "माझे आजोबा कापराच्या झाडाचं लाकूड उकळून कापूर काढायचे. आमच्याकडे उदबत्तीची ज्योत हातानं विझवून नुसता सुवास देवाला देतात; देवापुढची ज्योत आम्ही कधी तोंडानं फुंकत नाही."

मला काहीच कळेना. हा अपमान होता की पूजा? आईनं दुसरी वडी पेटवली.

काल स्मोक अलार्म कोकलायला लागला, तसा मीही हातानं वारा घालून कापूर विझवला.

"आई, हे काय केलंस?" लेक म्हणाली.

"फुंकर मारायची नसते," मी म्हटलं. पण हे मला आईनं शिकवलं की साहेबांनी, ते काही केल्या आठवेना.